उसवण्यासाठी घातलेली शिवण

आमचा धंदा मांडवाचा. वडिलांनी पहिली गोष्ट शिकवली ती ही, की वळवाचं वारं सुटलं तर दोऱ्या आवळत बसू नकोस, आधी कनात सोड. चारी बाजूंनी बांधलेलं कापड वारा धरतं आणि बांबूंसकट घेऊन जातं. बलूनचा इतिहास मी याच डोळ्यांनी वाचला. पॅरिसमध्ये 1783 साली माणूस पहिल्यांदा आकाशात गेला, त्याचं कौतुक आहेच. पण मला ओढ लागली ती उतरण्याच्या गोष्टींची.

18 ऑक्टोबर 1863. पॅरिसचा नामांकित फोटोग्राफर नादार आपल्या अजस्र गॅसच्या बलूनमधून निघाला. खाली वेताचं दुमजली घर, त्यात नऊ माणसं. रात्रभर उडून सकाळी जर्मनीत हॅनोव्हरजवळ उतरायची वेळ आली, तर जमिनीलगत सोसाट्याचा वारा. नांगर टाकले, ते तुटले. झडप उघडली, पण सुमारे 6000 घनमीटर गॅस एका झडपेतून किती लवकर जाणार? अर्धवट रिकामी पिशवी शिडासारखी फुगली आणि वेताचं घर शेतांतून, झाडांतून कित्येक मैल फरफटत गेलं. वाटेत एका आगगाडीशी टक्कर थोडक्यात चुकली. नादार आणि त्याची बायको एर्नेस्टीन जबर जखमी झाले. जीव मात्र सगळ्यांचे वाचले.

मन हळहळतं ते यासाठी, की यावरचा इलाज 24 वर्षं आधीच सापडला होता. अमेरिकेतला जॉन वाइज हा मूळचा लाकूडकाम करणारा, पियानो बनवणारा कारागीर. त्याने 1839 मध्ये बलूनच्या कापडात एक पट्टी अशी बसवली, की दोरी ओढताच ती फाटून निघावी आणि गॅस एकदम बाहेर पडावा. पिशवीच लोळागोळा झाली, तर वारा धरणार काय? पक्कं शिवणारे पुष्कळ असतात. नेमक्या क्षणी उसवेल आणि त्याआधी मुळीच उसवणार नाही, अशी जोडणी करणाऱ्या हाताला मी मनापासून नमस्कार करतो.

आजचं बर्नरवालं बलून आलं 1960 साली, एड योस्टने नेब्रास्कात उडवलेलं. गॅसऐवजी गरम हवा आली, तरी उतरतानाचा वारा तोच.

मागच्या हिवाळ्यात मावळात मी त्यात बसलो. उतरताना पायलटने फोमचा गोळा खाली सोडला आणि तो कुठे वळतो ते पाहत राहिला. वर वारा एकीकडे, खाली डोंगरावरून उतरणारी पहाटेची गार हवा दुसरीकडे. हेरलेलं भातखाचर हुकत होतं, पुढे विजेच्या तारा होत्या. त्याने ताबडतोब बर्नर पेटवला, तारा ओलांडल्या आणि पलीकडचं खाचर धरलं. आम्ही गुडघे वाकवून, जायच्या दिशेला पाठ करून कड्या घट्ट धरल्या. टोपली टेकली, उसळली, परत टेकली. त्याने लाल दोरी खेचून धरली आणि भलंमोठं कापड आमच्या पलीकडे आडवं झालं.

घडी घालायला मीही हात लावला. लाल दोरी जिला खाली ओढते, ती माथ्यावरची गोल चकती आतल्या दोऱ्यांनी मधोमध धरलेली असते. गरम हवा तिला वर दाबते, म्हणून भोक बंद राहतं. मी सवयीने तिच्या कडेवरून बोट फिरवत टाके शोधत होतो. तिथे एकही टाका नव्हता.