एक्लेसिया : देऊळ कीं सभा?

ज्युबिलीच्या पुस्तिकेंत इतिहास लिहावयाचा म्हणजे पाया कधीं घातला, घंटा कोणीं दिली, याच गोष्टींकडे लेखणी वळते. आम्ही मात्र एका ग्रीक शब्दापासून आरंभ करितों. कारण आमच्या किनाऱ्याचा इतिहास त्याच्या अर्थावांचून नीट उमगत नाहीं.

तो शब्द 'एक्लेसिया'. पेत्ररूपी खडकावर प्रभू जी उभारणार, ती हीच. आणि चार शुभवर्तमानांपैकीं एकट्या संत मत्तयाच्या ग्रंथांत हा शब्द येतो. अथेन्स नगरांत नागरिकांच्या सभेस हें नांव होतें. इब्री शास्त्राचें ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनीं देवासमोर जमलेल्या इस्राएलाच्या मंडळीसही तेंच योजिलें. 'प्रेषितांचीं कृत्यें' या ग्रंथांत तर इफिससच्या गोंगाट करणाऱ्या जमावासही तोच शब्द लाविला आहे! संत पौल एखाद्याच्या घरीं जमणाऱ्या भाविकांस एक्लेसिया म्हणतो. दगडचुन्याचा संबंध मुळांत नाहींच. तो मागाहून चिकटला. पोर्तुगीजांची 'इग्रेजा' आणि गोंयकारांची 'इगर्ज' याच शब्दापासून निघाल्या, परंतु तें नांव कानीं पडतांच डोळ्यांपुढें इमारत उभी राहते.

आतां रेवदंड्यास जाऊन पाहावें. १५२१ सालीं पोर्तुगीजांनीं येथें कोट बांधण्यास आरंभ केला. पुढें फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, ऑगस्टिनियन व जेझुइट यांचे मठ व देवळें आंत उभीं राहिलीं. १७३९ सालीं वसई पडली आणि १७४० च्या तहानें चौलही मराठ्यांकडे गेलें. छपरें कोसळलीं, भिंतींवर झाडें माजलीं. 'सातखणी' मनोऱ्याचे कांहीं मजले तेवढे माडांवर डोकें काढून आहेत.

परंतु कुंडलिकेपलीकडे, कोर्लईस, गरीब ख्रिस्ती कुटुंबें राहिलीं. राजा गेला, शिबंदी गेली. यांनीं श्रद्धा सोडली नाहीं. शब्द पोर्तुगीज आणि वाक्याची ठेवण मराठी, अशी 'क्रिस्ती' बोली त्यांच्या घरांत जगली. क्लेमेंट्स या भाषापंडितानें तिजवर १९९६ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. जात व धर्म यांमुळें हा समाज शेजाऱ्यांपासून वेगळा राहिला म्हणून ती टिकली, असें कारण देतात. तें खरेंच, पण माउंट कार्मेलच्या मातेच्या देवळीं नेमानें एकत्र येणारी मंडळी नसती, तर तो वेगळेपणा कशानें तगला असता? दोन शतकांहून अधिक काळ तीच येथली एक्लेसिया होती.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६४ सालीं याच विषयावर जो दस्तऐवज काढिला, त्यांत 'देवाची प्रजा' हा अध्याय धर्माधिकाऱ्यांच्या अध्यायापूर्वीं घातला. आमच्या मराठींत इमारतीस 'देऊळ' आणि मंडळीस 'ख्रिस्तसभा' असे दोन शब्द आहेत. चौलच्या पोर्तुगीजांस दोहोंसाठीं एकच होता.