शेवटचा हात : फुलसावंगीतल्या एका भिंतीची गोष्ट

आज ऐकता ऐकता शेजारच्या भिंतीवर जरा हात ठेवा. गोष्ट तिचीच आहे.

आमचं जुनं घर फुलसावंगीत, महागाव तालुका, जिल्हा यवतमाळ. भिंती मातीच्या, चांगल्या दीड हात जाड. काही वर्षांपूर्वी घर नीट करायला काढलं. दारं घासली, फरशी बसवली आणि शेवटी समोरच्या भिंतीला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करून ऑइलपेंट मारला. एकदम चकाचक! दोन पावसाळ्यांत पोपडे निघाले. खरवडून पाहिलं तर आतली माती ओलीगच्च. मिस्त्री म्हणाला, "पाडून टाका." आजी म्हणाली, "भितीले दम घेऊ द्या रे बाबू."

खरं कोणाचं? तेच शोधता शोधता मी इतिहासात शिरलो.

गावगाड्याच्या भाषेत जमिनीचे दोन भाग असायचे. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. काळी माती पाण्यानं फुगते आणि वाळली की भेगाळते. ती कापसाला छान, भिंतीला नाही. म्हणून घरं पांढऱ्या मातीची. त्यात कुटार कालवायचं, म्हणजे भिंत तडकत नाही. वरून शेणामातीचं सारवण, मग पांढऱ्या मातीचा पोतारा. हा शेवटचा हात बायांचा, आणि तो दर वर्षी सणाआधी पुन्हा फिरायचा.

मोठ्या वाड्यांना चुना. चुनखडी भट्टीत भाजायची, पाण्यात विरवायची आणि वाळूसोबत बैलाच्या घाणीत मळायची. गूळ, हिरडा, बेलफळ असंही काही त्यात पडायचं. असा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू पुन्हा दगड होतो. माती काय, चुना काय, दोन्ही जमिनीतून चढलेली ओल बाहेर सोडतात. आजीचा 'दम' तो हाच!

मग सिमेंट कुठून आलं? इंग्लंडच्या जोसेफ ॲस्पडिननं १८२४ मध्ये पोर्टलँड सिमेंटचं पेटंट घेतलं. भारतात पोरबंदरचा कारखाना १९१४ मध्ये सुरू झाला. पण स्वातंत्र्यानंतरही सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं, परवान्याशिवाय पोतं मिळायचं नाही. सिमेंटवाटपाच्या प्रकरणात उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेला आणि जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी नियंत्रण सैल झालं, १९८९ मध्ये पूर्ण उठलं. जी वस्तू आजवर वशिल्यानं मिळायची, ती दुकानात आली. सिमेंटचं घर म्हणजे सुधारलेलं घर, हे तेव्हा मनात पक्कं बसलं.

सिमेंट वाईट नाही हो. विटांच्या, काँक्रीटच्या घरात त्याची जागा आहे. पण मातीच्या भिंतीवर त्याचा कडक थर बसला की ओल आतच कोंडते आणि भिंत आतून कुजते.

आम्ही भिंत पाडली नाही. गिलावा खरवडला, अख्खा उन्हाळा तिला वाळू दिलं, मग माती-कुटाराचा नवा थर दिला. आजीचे गुडघे आता वाकत नाहीत. ती खाटेवर बसून सांगत होती, "पातळ कर, अजून पातळ," आणि सारवत होतो मी. पहिल्यांदाच! माझ्या हाताचे ओरखडे अजून दिसतात. पण भिंत कोरडी आहे.

तुमच्या घरी असा हात कोणाचा आहे? त्यांना विचारा, मोबाईलवर रेकॉर्ड करा. आणि जमलं तर एक भिंत स्वतः सारवून बघा. भेटू पुढच्या भागात!