शास्त्र, रूढी आणि सद्विवेक : मुंबई इलाख्यातील मिश्र कायद्याची उगमस्थाने

मराठी माणूस कोर्टाची पायरी चढतो तेव्हा आपण किती भाषांमधून चाललो आहोत याची त्याला सहसा कल्पना नसते. 'फिर्याद' फारसी, 'दावा', 'वकील' आणि 'जामीन' अरबी, 'दत्तक' आणि 'स्त्रीधन' संस्कृत, 'समन्स' आणि 'अपील' इंग्रजी. 'साक्षीदार' या एका शब्दात तर संस्कृत साक्षीला फारसी 'दार' जोडलेले आहे आणि आपल्याला तो जोड दिसतही नाही. शिवकाळात रघुनाथपंडितांनी राज्यव्यवहारकोश रचून यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. १९६० नंतर भाषा संचालनालयाने पुन्हा तसाच उद्योग केला. फिर्याद मात्र फिर्यादच राहिली.

या शब्दांच्या थरांवरून कायद्याच्या इतिहासाचे थर वाचावेत असा मोह साहित्याच्या अभ्यासकाला होणे स्वाभाविक आहे. पण शब्द इथे फसवतात. 'पंच' म्हणजे पूर्वी निवाडा करणारे. आजच्या पंचनाम्यातले पंच हे निव्वळ साक्षीदार असतात. 'राजीनामा' म्हणजे पेशवाईत वादी-प्रतिवादींनी पंचांचा निवाडा आपल्याला मान्य राहील म्हणून आधीच लिहून दिलेला कबुलीचा कागद. आज तो पद सोडल्याचा कागद आहे. भांडे जुने आणि आतला पदार्थ नवा, हा प्रकार केवळ शब्दांच्या बाबतीत घडला असता तर तो व्युत्पत्तिशास्त्राकडे सोपवून आम्ही मोकळे झालो असतो. तो खुद्द कायद्याच्या बाबतीत घडला, आणि त्याची किंमत काही माणसांनी, विशेषतः स्त्रियांनी, मोजली.

एकाहून अधिक विधिपरंपरा एकाच न्यायासनापुढे नांदतात तेव्हा त्या व्यवस्थेला मिश्र विधिव्यवस्था म्हणतात. पाठ्यपुस्तकांत स्कॉटलंड, दक्षिण आफ्रिका, लुइझियाना, श्रीलंका ही उदाहरणे ठरलेली असतात. आपल्या शेजारचा गोवा, जिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा भारतीय न्यायालयांत अजून चालतो, तोही अभ्यासण्याजोगा आहे. आम्ही येथे मुंबई इलाखा निवडला आहे तो एका साध्या कारणाने. एकोणिसाव्या शतकातील जे मराठी वाङ्मय आपण शिकतो आणि शिकवतो, त्याच्या पाठीमागे हाच कायदा उभा आहे.

१८१८ पूर्वीची स्थिती थोडक्यात सांगायची तर ती 'शुद्ध' मुळीच नव्हती. रामशास्त्री प्रभुण्यांच्या नावाभोवती आपण शास्त्राधाराचे वलय उभे केले असले, तरी निवाड्यांच्या कागदांत शास्त्राइतकेच, किंबहुना अधिक वजन देशाचाराला, कुलाचाराला आणि गोतसभेतील साक्षीपुराव्याला आहे. वतनाचा तंटा गोतापुढे यायचा, महजर व्हायचा, पुरावा तोकडा पडला तर दिव्यही व्हायचे. एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयीचा आपला अहवाल दिला, त्यात या पंचायत-पद्धतीचे दोषही आहेत आणि ती मोडू नये असा कलही आहे.

पुढे १८२७ मध्ये मुंबई सरकारचे रेग्युलेशन आले, ज्यांना सामान्यतः 'एल्फिन्स्टन कोड' म्हटले जाते. त्यांपैकी चौथ्या रेग्युलेशनचे कलम २६ हा या सगळ्या कथेचा कणा आहे. न्यायाधीशाने कायदा शोधायचा कोठे, याचा क्रम त्यात घालून दिला आहे. प्रथम पार्लमेंटचे कायदे व सरकारची रेग्युलेशन; ती नसतील तर वाद जिथे उद्भवला त्या प्रदेशाची रूढी; तीही नसेल तर प्रतिवादीचा कायदा; आणि काहीच न मिळाल्यास न्याय, समता व सद्विवेक.

हा क्रम नीट पाहावा. बंगालमध्ये वॉरन हेस्टिंग्जने १७७२ मध्ये वारसा, विवाह, जात इत्यादी बाबतींत हिंदूंना शास्त्र आणि मुसलमानांना कुराण लागू होईल असे ठरवले होते. तिथे प्रथमपासून ग्रंथ आणि धर्म यांना मान. म्हणून तिथे ग्रंथांची भाषांतरे निघाली. १७७६ चा हालहेडचा संग्रह तर पंडितांच्या संस्कृतातून फारसीत आणि फारसीतून इंग्रजीत असा दोन घाटांचे पाणी पिऊन आलेला! मुंबईने मात्र रूढीला प्रतिवादीच्या धर्मग्रंथाच्या वर बसवले. त्याच १८२७ साली आर्थर स्टीलचा दख्खनमधील हिंदू ज्ञातींच्या कायद्या-रूढींचा सारसंग्रह प्रसिद्ध झाला. ज्ञातींचे प्रमुख व शास्त्री यांना विचारून गोळा केलेल्या या माहितीत पाट, सोडचिठ्ठी यांसारखे व्यवहार आढळतात. मनुस्मृती हाती धरून महाराष्ट्र पाहणाऱ्याला जे दिसलेच नसते, ते स्टीलला दिसले.

कागदावर तरी हा रूढीचा विजय होता. १८६८ मध्ये मदुरेच्या कलेक्टरच्या प्रसिद्ध खटल्यात प्रिव्ही कौन्सिलनेही स्पष्टपणे सिद्ध झालेली रूढी लिखित वचनाहून बलवत्तर ठरेल असा निर्वाळा दिला. पण त्या निर्वाळ्यातला कळीचा शब्द 'सिद्ध झालेली' हा आहे. ग्रंथातील वचन न्यायाधीशासमोर कायदा म्हणून येते; ते छापील पुस्तकातून वाचून दाखवले की पुरे. रूढी मात्र वस्तुस्थिती म्हणून येते. ती प्राचीन आहे, अखंड आहे, निश्चित आहे, नीतिविरुद्ध नाही, हे साक्षीदार उभे करून दाखवावे लागते, आणि ते दाखवण्याचे ओझे ती सांगणाऱ्यावर. गावात ज्या गोष्टीबद्दल कोणी कधी वाद घातला नाही, त्या गोष्टीचे दाखले कागदावर मिळणार कसे? क्रमपत्रिकेत वरचे पान मिळालेली रूढी पंगतीत अशी खालच्या टोकाला गेली. बहुसंख्य ज्ञातींचा कायदा अलिखित होता, ही गोष्ट येथे विसरून चालणार नाही.

ग्रंथांचीही कथा सरळ नाही. मुंबई इलाख्यात दोन ग्रंथ प्रमाण मानले गेले : विज्ञानेश्वराची मिताक्षरा आणि नीलकंठभट्टांचा व्यवहारमयूख. नीलकंठभट्टांचे घराणे मूळचे पैठणचे, पण ते स्थायिक झाले काशीला. सतराव्या शतकात त्यांनी भगवंतभास्कर हा बारा मयूखांचा ग्रंथ रचला तो भगवंतदेव नावाच्या बुंदेला राजाच्या आश्रयाने. बोरॅडेलने १८२७ मध्ये सुरतेस व्यवहारमयूखाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. १८८० मध्ये विश्वनाथ नारायण मंडलिकांनी नवे भाषांतर केले आणि १९२६ मध्ये पां. वा. काण्यांनी मूळ ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती काढली. दोन ग्रंथांत मतभेद असेल तेथे गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोकण येथे मयूख, तर उर्वरित महाराष्ट्रात मिताक्षरा, अशी वाटणी न्यायालयांनी हळूहळू केली. नीलकंठभट्टांना आपला ग्रंथ अशा जिल्हावार हद्दीत लागू होईल याची कल्पनाही आली नसती! तरीही मयूखाच्या या प्रतिष्ठेचा एक लाभ नोंदवला पाहिजे. मयूखाच्या आधारे मुंबईत बहिणीला वारसाहक्क मिळाला आणि विनायक आनंदराव विरुद्ध लक्ष्मीबाई या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १८६४ मध्ये तो उचलून धरला. इतर इलाख्यांतील बहिणींना त्यासाठी पुढे कितीतरी दशके थांबावे लागले.

आरंभीच्या काळात या ग्रंथांचा अर्थ सांगायला न्यायालयांत शास्त्री नेमलेले होते. न्यायाधीशाने प्रश्न विचारायचा, शास्त्र्याने व्यवस्था द्यायची. १८६४ मध्ये ही पदे रद्द झाली. त्यानंतर रेमंड वेस्ट आणि एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृत शिकवणारे ब्यूलर यांनी अनेक न्यायालयांतील शास्त्र्यांची ही उत्तरे संकलित करून १८६७ व १८६९ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केली. शास्त्री गेले आणि त्यांचे शब्द पुस्तकात राहिले. शास्त्र्यांविषयी हळवे होण्याचे आम्हांला कारण नाही. त्यांच्या व्यवस्थांत जातिभेद आणि स्त्रीविषयक अनुदारता भरपूर आहे. पण समोरच्या माणसाची परिस्थिती ऐकून दिलेले उत्तर आणि त्याच उत्तराचा पुढच्या प्रत्येक खटल्यात पूर्वनिर्णय म्हणून होणारा उपयोग यांत मोठे अंतर आहे. पूर्वनिर्णय बंधनकारक मानण्याची पद्धत इंग्रजी होती. तिच्या साच्यात शास्त्र ओतले आणि ते घट्ट झाले.

आता १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा घेऊ. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' आली ती त्यानंतरच्याच वर्षी, आणि वर्गात आपण हा कायदा सुधारणेचा विजय म्हणून सांगतो. त्याचे दुसरे कलम मात्र सहसा सांगितले जात नाही. पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मृत पतीच्या मालमत्तेवरील हक्क, मग तो पतीकडून आलेला असो वा त्याच्या वंशजांकडून, संपुष्टात येतो. ज्या उच्चवर्णीय स्त्रियांना पुनर्विवाहाची मुभाच नव्हती त्यांना निदान नवी वाट तरी मिळाली. परंतु ज्या ज्ञातींत पाट पूर्वापार चालत आला होता त्यांचे काय? अलाहाबाद उच्च न्यायालयाने म्हटले की त्यांना या कायद्याची गरजच नव्हती, म्हणून त्याची शिक्षाही त्यांना नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १८९६ मध्ये, विठू विरुद्ध गोविंदा या खटल्यात, उलट निर्णय दिला : पाटाची रूढी असलेल्या ज्ञातीतील स्त्रीही असा हक्क गमावते. ज्या इलाख्याने रूढीला ग्रंथाच्या वर बसवले होते, त्याच इलाख्यात हा निर्णय झाला.

राहिला चौथा उगम, न्याय, समता व सद्विवेक. हे शब्द असे आहेत की त्यांना कोणीच नकार देणार नाही. पण सद्विवेक कोणाचा? १८८७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने वाघेला राजसंजी खटल्यात सांगितले की भारतीय समाजाला व परिस्थितीला लागू पडत असतील तर ते इंग्रजी कायद्याचेच नियम, असा त्यांचा अर्थ सामान्यतः घेतला गेला आहे. शेवटचा उपाय म्हणून ठेवलेल्या या खिडकीतून इंग्रजी कायदा घरात आला.

त्याच १८८७ सालच्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंना महिन्याच्या आत पतीकडे नांदायला जावे, नाहीतर सहा महिने कैद भोगावी, असा हुकूम दिला. हा खटला मराठी वाचकांना परिचित आहे. आम्ही त्याकडे केवळ उगमांच्या दृष्टीने पाहतो. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी झाले होते आणि त्या सासरी नांदायला कधीच गेल्या नव्हत्या. त्यांची ज्ञात सुतारांची, विधवाविवाहाला मोकळीक देणारी. आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला तेव्हा पहिल्या पतीची मालमत्ता त्यांनी रखमाबाईंच्या नावे केली होती. १८५६ च्या कायद्याची सावली या घरावरही होती आणि दाव्यामागे त्या मालमत्तेचेही आकर्षण होते असे रखमाबाईंच्या बाजूचे म्हणणे होते.

१८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला तो एका नेमक्या मुद्द्यावर. अशा दाव्याला हिंदू कायद्यात आधार नाही, तो इंग्लंडमधून आणलेला आहे. आणि जे नांदणे कधी सुरूच झाले नाही ते 'पुनःस्थापित' कसे करणार? वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा हा मुळात इंग्लंडच्या धर्मपीठीय न्यायालयांचा, म्हणजे चर्चचा उपाय. स्मृतींत पत्नीने पतीजवळ राहावे हा धर्म जरूर सांगितला आहे. पण गुरु-शिष्य, पिता-पुत्र, पती-पत्नी, स्वामी-भृत्य यांचे आपापसांतले वाद राजाकडे चालू नयेत, असेही एक स्मृतिवचन मिताक्षरेत चर्चिले आहे. विज्ञानेश्वर त्याला अपवाद जोडतात हे खरे. तरी पत्नीला तुरुंगात घालून नांदवण्याची कल्पना त्यात नाही. १८८६ मध्ये सार्जंट व बेली यांनी अपिलात पिन्हींचा निर्णय फिरवला. धर्म शास्त्राचा, यंत्रणा चर्चची, आणि कैदेची शिक्षा दिवाणी व्यवहारसंहितेतली, असे तिहेरी मिश्रण तयार झाले. खुद्द इंग्लंडमध्ये १८८४ च्या कायद्याने या कारणासाठीची कैद बंद झालेली होती.

टिळकांसह पुण्या-मुंबईच्या सनातनी पक्षाने हिंदुधर्माच्या रक्षणासाठी दादाजींची बाजू घेतली. आपण ज्याचे रक्षण करत आहोत तो उपाय इंग्लंडच्या चर्चमधून आला आहे, हे पिन्हींच्या निकालात छापून आलेले असूनही कोणाला अडचणीचे वाटले नाही. सुधीर चंद्र यांनी १९९८ मधील आपल्या इंग्रजी ग्रंथात या विसंगतीचा विस्ताराने वेध घेतला आहे. रखमाबाई तुरुंगात जायला तयार होत्या. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि पुढे त्या वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या चौथ्या कलमाने, त्या कायद्यात आलेल्या विषयांपुरती, जुनी वचने, त्यांचे अर्थ आणि रूढी बाजूला सारली. दोन अवशेष मात्र त्यात ठळकपणे राहिले. कलम २९ च्या दुसऱ्या पोटकलमाने रूढीने मिळणारा घटस्फोट, म्हणजे आपली काडीमोड किंवा फारकत, शाबूत ठेवला. आणि कलम ९ ने वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना ठेवली. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने हे नववे कलम घटनाबाह्य ठरवले होते, पण पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरोज राणी खटल्यात ते वैध ठरवले. इंग्लंडने हा उपाय १९७० मध्येच रद्द केला. आजही फारकतीचा स्टँपपेपर घेऊन न्यायालयात येणाऱ्या स्त्रीला आपल्या ज्ञातीत अशी रूढी पूर्वापार आहे हे साक्षीपुराव्याने सिद्ध करावे लागते. नवव्या कलमाखाली अर्ज करणाऱ्या पतीला त्या उपायाची परंपरा सिद्ध करावी लागत नाही.