चॉकलेट एगनॉग

चॉकलेट एगनॉग : दूध, क्रीम, साखर आणि अंड्याचा बलक मंद आचेवर शिजवून दाट केलेले, चॉकलेटची किंवा कोकोची चव दिलेले आणि वरून जायफळ किसून घातलेले पेय. अमेरिका व कॅनडात ते मुख्यतः नाताळच्या दिवसांत थंड करून पितात. मूळ एगनॉगमध्ये रम, ब्रँडी किंवा बर्बन व्हिस्की असते. घरगुती चॉकलेटी प्रकारात मद्य ऐच्छिक असते. दिसायला व दाटपणाला हे पेय बासुंदीच्या जवळ जाते. मात्र बासुंदी दाट होते ती दूध आटल्यामुळे, तर एगनॉग दाट होते ते बलकातील प्रथिने उष्णतेने एकमेकांत गुंतल्यामुळे. म्हणूनच अंडे शिजले पाहिजे, पण त्याच्या गुठळ्या होता कामा नयेत, हे या पेयाच्या कृतीचे मुख्य सूत्र आहे.

नाव : ‘एग’ म्हणजे अंडे हे उघड आहे, ‘नॉग’विषयी दोन मते आहेत. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या नॉरफक परगण्यात एका कडक बिअरला ‘नॉग’ म्हणत. दुसऱ्या मताप्रमाणे हा शब्द ‘नॉगिन’ या लहान लाकडी पेल्याच्या नावावरून आला. मेरिलँडमधील धर्मोपदेशक जॉनथन बाउचर यांनी १७७० च्या दशकात लिहिलेल्या कवितेतील उल्लेख हा ‘एगनॉग’ शब्दाच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक मानला जातो.

इतिहास : एगनॉगचा पूर्वज म्हणजे मध्ययुगीन इंग्लंडमधील ‘पॉसेट’. गरम दुधात बिअर किंवा वाइन ओतून ते फाडत आणि मसाले घालून पीत. पुढे त्यात अंडी व क्रीमही आले. दूध, अंडी, शेरी हे सारे महाग असल्याने इंग्लंडात हे खात्यापित्या घरचे पेय होते. अटलांटिकपलीकडच्या वसाहतींत परिस्थिती वेगळी होती. तिथे घरोघरी गाई-कोंबड्या होत्या आणि कॅरिबियन बेटांवरून येणारी रम स्वस्त होती. त्यामुळे एगनॉग तिथे सर्वसामान्यांच्या घरात पोहोचले. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या नावावर एगनॉगची एक कृती नेहमी सांगितली जाते. ती त्यांचीच असल्याचा पुरावा मात्र नाही.

डिसेंबर १८२६ मध्ये वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीत नाताळच्या आदल्या रात्री कॅडेटांनी चोरून व्हिस्की आणून एगनॉगची मेजवानी केली. अधीक्षक सिल्व्हेनस थेअर यांनी आवारात मद्याला बंदी घातलेली होती. रात्र सरता सरता दंगा झाला, खिडक्या-फर्निचर मोडले आणि अनेक कॅडेटांवर लष्करी न्यायालयात खटले चालले. हा प्रसंग ‘एगनॉग दंगल’ म्हणून ओळखला जातो. पुढे संघराज्यातून फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांचे अध्यक्ष झालेले जेफर्सन डेव्हिस हेही त्या मेजवानीत होते. १८६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जेरी थॉमस यांच्या मद्यमिश्रणांच्या पुस्तकात एगनॉगच्या अनेक कृती आहेत. त्यांपैकी एक सफरचंदाच्या सायडरची आहे.

चॉकलेटची जोड : चॉकलेट, बलक आणि मद्य यांचा मेळ ‘एगनॉग’ या नावापेक्षा जुना आहे. हॅना वुली यांच्या १६७० च्या इंग्रजी पाकपुस्तकात लाल वाइन उकळून तीत किसलेले चॉकलेट व दोन बलक घालायचे आणि मंद आचेवर दाट होईपर्यंत ढवळायचे, अशी कृती आहे. तेव्हाचे चॉकलेट तेलकट व रवाळ असे. नेदरलँड्समधील व्हान हाउटेन यांनी १८२८ मध्ये कोकोतील चरबी दाबून वेगळी काढण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि दुधात सहज मिसळणारी कोकोपूड शक्य झाली.

नात्यातील पेये : मेक्सिकोतील ‘रोम्पोपे’ प्वेब्ला शहरातील जोगिणींच्या मठाशी जोडले जाते. पोर्तो रिकोतील ‘कोकितो’मध्ये नारळाचे दूध, कंडेन्स्ड मिल्क आणि रम असते, अंडे बहुधा नसते. नेदरलँड्समधील ‘आडव्होकाट’ इतके दाट असते, की ते अनेकदा चमच्याने खातात.

घटक : सहा ते सात पेल्यांसाठी फुल क्रीम दूध ८०० मिली, क्रीम १५० मिली, चार अंड्यांचे बलक, साखर ७० ग्रॅम, डार्क चॉकलेट ६० ग्रॅम, बिनसाखरेची कोकोपूड १५ ग्रॅम, चिमूटभर मीठ, थोडा व्हॅनिला अर्क आणि पाव चमचा ताजे किसलेले जायफळ घ्यावे. अमेरिकी नियमांनुसार एगनॉग म्हणून विकल्या जाणाऱ्या पेयात किमान ६ टक्के दुधाचा स्निग्धांश आणि १ टक्का बलकातील घनपदार्थ असावे लागतात. तिकडच्या साध्या दुधात स्निग्धांश सव्वातीन टक्क्यांच्या आसपास असल्याने क्रीम भरपूर ओतावे लागते. भारतात फुल क्रीम दुधातच ६ टक्के स्निग्धांश असतो आणि म्हशीच्या दुधात बहुधा त्याहून जास्त. त्यामुळे इथे क्रीम कमी पुरते. वरील प्रमाणात बलकातील घनपदार्थ जवळपास ३ टक्के भरतात.

जायफळ हा एगनॉगचा ओळखीचा वास. मूळचे इंडोनेशियातील बांदा बेटांचे हे झाड आज कोकणातील नारळ-सुपारीच्या बागांत आंतरपीक म्हणून घेतले जाते. श्रीखंड-पुरणपोळीसाठी घरात असलेले अख्खे जायफळच इथेही वापरावे. तयार पुडीचा वास लवकर उडतो.

कृती : कोकोपूड थेट दुधात टाकली तर ती वर तरंगते आणि तिच्या गोळ्या होतात. म्हणून आधी कोको, मीठ व निम्मी साखर कोरडी एकत्र करून चार-पाच चमचे गरम दुधात वाटणासारखी गुळगुळीत कालवावी. जाड बुडाच्या पातेल्यात उरलेले दूध कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवावे, कोकोचे मिश्रण त्यात घालावे आणि आच बंद करून चॉकलेटचे तुकडे विरघळवावेत. चॉकलेट वेगळे वितळवू नये. वितळलेल्या चॉकलेटला पाण्याचे दोन-चार थेंब लागले तरी ते घट्ट, रवाळ होते; भरपूर दुधात ही अडचण येत नाही.

दुसऱ्या भांड्यात बलक व उरलेली साखर फिकट पिवळी होईपर्यंत फेटावी. साखर बलकावर टाकून तशीच ठेवू नये. ती ओलावा ओढून घेते आणि बलकात कडक कण धरतात. आता गरम दुधाची बारीक धार बलकात सोडत सतत फेटावे. बलक दुधात ओतायचा नाही, दूध बलकात ओतायचे; उलट केले तर बलक जागच्या जागी शिजतो. निम्मे दूध गेल्यावर सगळे पुन्हा पातेल्यात घेऊन अगदी मंद आचेवर ठेवावे आणि लाकडी चमचा तळाशी व कोपऱ्यांत फिरवत राहावे.

सुरुवातीला मिश्रण दुधासारखे पातळ असते आणि त्यावर फेस असतो. काही मिनिटांनी फेस विरू लागतो आणि चमच्याला जडपणा जाणवतो. या वेळी चमचा बाहेर काढून उलटा धरावा. त्याच्या पाठीवर तपकिरी थर बसलेला दिसतो. त्यावरून बोटाने रेघ ओढावी. दोन्ही काठ एकमेकांकडे ओघळले तर अजून वेळ आहे. रेघ स्वच्छ राहिली तर मिश्रण मिळून आले. लगेच ते बारीक गाळणीने गाळून थंड क्रीममध्ये ओतावे, म्हणजे शिजणे तिथेच थांबते. व्हॅनिला व जायफळ घालून फ्रीजमध्ये किमान चार तास ठेवावे. पेल्यात ओतण्यापूर्वी रवीने किंवा मिक्सरवर क्षणभर घुसळले की हलका फेस येतो.

पारंपरिक कृतीत अंड्यातील पांढरे फेटून कच्चेच मिसळत. ते टाळून फेटलेल्या क्रीमचा गोळा वर ठेवता येतो. मात्र त्यासाठी सुमारे ३५ टक्के स्निग्धांशाचे क्रीम लागते, २५ टक्क्यांच्या क्रीमचा फेस टिकत नाही.

तापमान : नुसता बलक ६५ ते ७०° से. दरम्यान घट्ट होतो. दूध व साखर मिसळल्यावर ही मर्यादा वर सरकते : मिश्रण ७५ ते ८०° से.ला दाट होते आणि ८२–८५° से.च्या पुढे प्रथिने आकसून पाणी सोडतात, म्हणजे एगनॉग फाटते. अंड्यातील साल्मोनेला जिवाणूंपासून सुरक्षिततेसाठी अमेरिकी कृषी विभाग किमान ७१° से. तापमान सांगतो. सुरक्षितता आणि गुठळ्या यांच्यामध्ये असे दहा-बारा अंशांचे अंतर उरते. स्वयंपाकाचा तापमापक असल्यास ७६–७८° से.ला थांबावे. कणी दिसू लागली तर पातेले ताबडतोब थंड पाण्यात ठेवून मिश्रण मिक्सरमधून फिरवावे व गाळावे. पोत बराचसा सुधारतो.

मद्य व सुरक्षितता : मद्य घालायचे तर मिश्रण पूर्ण थंड झाल्यावर, ६० मिलीपर्यंत घालावे, गरम मिश्रणात ते बलक गोठवते. रम घातली की कच्चे अंडे निर्धोक होते, हा समज चुकीचा आहे. एक लिटरभर पेयात ६० मिली रममुळे मद्यार्क सुमारे २ टक्केच होतो. स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूंच्या वर्गीकरणासाठी प्रसिद्ध असलेल्या शास्त्रज्ञ रिबेका लान्सफील्ड यांच्या न्यूयॉर्कमधील प्रयोगशाळेत कच्च्या अंड्यांचे, कडक मद्याचे एगनॉग काही आठवडे मुरवून पिण्याची प्रथा होती. पुढे तिथेच त्यात मुद्दाम साल्मोनेला सोडून पाहिले, तेव्हा तिसऱ्या आठवड्यात जिवाणू उरले नव्हते. पण त्यात मद्यही भरपूर होते आणि मुरण्याचा काळही. लहान मुले, गर्भवती व वृद्ध यांना शिजवलेले, बिनमद्याचे एगनॉगच द्यावे. तयार पेय दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावे.

बिनअंड्याचा प्रकार : बर्मिंगहॅमचे औषधविक्रेते आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडी सोसत नसत, म्हणून त्यांनी १८३७ मध्ये मक्याच्या स्टार्चपासून कस्टर्ड पावडर तयार केली. वरील प्रमाणात चार बलकांऐवजी तिचे दोन सपाट मोठे चमचे थंड दुधात कालवून घालता येतात. इथे आचेचा नियम मात्र उलटा होतो : स्टार्च उकळीजवळ आल्यावरच पुरता फुलतो, म्हणून बलकाच्या एगनॉगला जी उकळी नासवते, ती इथे आणावीच लागते. उकळी आली नाही, तर पेय पातळ राहते आणि जिभेवर पिठूळ चव येते.