जुने पूल : पाडायचे कधी, राखायचे कसे?

वाशीम : वाशीम जिल्हा दोन खोऱ्यांच्या माथ्यावर वसलेला आहे. येथे उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेला वाहत पूर्णेला मिळते आणि तिचे पाणी तापीच्या खोऱ्यात जाते. पूस, अरुणावती आणि अडाण या नद्या मात्र पैनगंगेकडे वळून गोदावरीच्या खोऱ्याला मिळतात. माथ्यावरच्या अशा नद्या वर्षातील बराच काळ जेमतेम वाहतात. पावसाळ्यात वरच्या अंगाला जोरदार सर आली, की काही तासांत त्या दुथडी भरतात आणि तितक्याच लवकर ओसरतात. त्यामुळे या भागात मोठ्या नद्यांवरील भव्य पुलांपेक्षा ओढ्या-नाल्यांवरील लहान पूल, मोऱ्या आणि रपटे यांवरच लोकांचे दळणवळण अवलंबून असते.

अकोला-वाशीम-हिंगोली-नांदेड हा राष्ट्रीय महामार्ग आणि समृद्धी महामार्ग यांमुळे जिल्ह्याचा बाहेरच्या जगाशी संपर्क वाढला. परंतु गावातून महामार्गापर्यंत पोहोचण्यासाठी जो पूल ओलांडावा लागतो, तो किती जुना आहे आणि किती भक्कम आहे, हा प्रश्न दर पावसाळ्यात नव्याने उभा राहतो. राज्यात आणि राज्याबाहेर घडलेल्या काही घटना पाहिल्या, तर या प्रश्नाचे उत्तर केवळ पुलाच्या वयात शोधता येत नाही, असे दिसते.

लाकूड गेले, नाव राहिले

जुना पूल बदलणे ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. पुण्यातील मुठा नदीवरचा लकडी पूल पेशवाईत खरोखरच लाकडी होता. पुढे त्याची जागा दगडी पुलाने घेतली, त्याचे अधिकृत नाव संभाजी पूल झाले. तरी पुणेकरांच्या तोंडी आजही लकडी पूलच आहे. लाकूड स्वस्त, हलके आणि झटपट उभारता येणारे असल्याने जगभर पुलांसाठी वापरले गेले. मात्र सतत ओले आणि कोरडे होत राहिल्याने ते कुजते, त्याला बुरशी आणि वाळवी लागते आणि जोडांतील बोल्टांची भोके सैल होत जातात.

अशा लाकडी पुलांचा सर्वांत गाजलेला संच अमेरिकेत आहे. शिकागो ते लॉस एंजलिस या सुमारे ३,९०० किलोमीटरच्या ‘रूट ६६’ महामार्गाची स्थापना १९२६ मध्ये झाली. कॅलिफोर्नियातील मोहावी वाळवंटात या रस्त्यावर १९३० च्या सुमारास बांधलेले शंभराहून अधिक लाकडी पूल आहेत. त्यांच्याखालचे ओढे वर्षभर कोरडे असतात; वादळी पाऊस झाला की मात्र अचानक लोंढा येतो. २०१४ आणि २०१७ मधील अशा पुरांत काही पुलांची हानी झाली आणि रस्त्याचे काही भाग बंद ठेवावे लागले. १९८५ मध्येच हा मार्ग अधिकृत महामार्गांच्या यादीतून वगळण्यात आला असला, तरी जुना रस्ता पाहण्यासाठी जगभरातून प्रवासी येतात. त्यामुळे पूल बदलावेत, पण रस्त्याचे ऐतिहासिक रूप बिघडू नये, असा दुहेरी पेच तेथील प्रशासनापुढे उभा राहिला. वाळवंट आणि वऱ्हाड यांत साम्य नाही. मात्र एरवी कोरडा असलेला ओढा एका रात्रीत पूल उखडू शकतो, हा अनुभव दोन्हीकडे सारखाच आहे.

पूल थकतो तो कशाने?

जुन्या दगडी पुलांचे बांधकाम बहुधा चुन्यात केलेले असते. पाणी झिरपून हा चुना वर्षानुवर्षे धुपत जातो. सांध्यांत पिंपळाचे रोप रुजले, तर त्याची मुळे दगड विलग करतात. याहून मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. पुराचे पाणी खांबावर आदळून त्याच्याभोवती भोवरे निर्माण करते आणि पायथ्याची वाळू-माती उकरून नेते. पूर ओसरताना तोच खड्डा गाळाने भरून निघतो. त्यामुळे वरून सारे पूर्ववत दिसते, परंतु पाया उघडा पडलेला असतो. वाहून आलेली झाडे आणि कचरा मोऱ्यांत अडकला, तर पाण्याचा दाब आणखी वाढतो.

दुसरी बाब भाराची. बैलगाड्या आणि हलक्या मोटारींच्या काळात बांधलेल्या पुलांवरून आज अवजड ट्रक धावतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने मालवाहू वाहनांच्या अनुज्ञेय भारात सुमारे २० ते २५ टक्के वाढ केली. वाहनाचा भार एका आदेशाने वाढू शकतो. पुलाची ताकद तशी वाढत नाही.

सावित्रीचा धडा

मुंबई-गोवा महामार्गावर महाडजवळ सावित्री नदीवरील दगडी कमानींचा पूल १९२८ चा होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात तो कोसळला. एसटीच्या दोन बससह काही वाहने नदीत गेली आणि सुमारे ४० जणांना प्राण गमवावे लागले. त्याला समांतर असलेला नवा पूल मात्र त्याच पुरात टिकून राहिला. त्याच वर्षी मे महिन्यात जुन्या पुलाची पाहणी झाली होती आणि तो धोकादायक आढळला नव्हता, असे दुर्घटनेनंतर सरकारकडून सांगण्यात आले. नदी आटलेली असताना केवळ डोळ्यांनी केलेली पाहणी पायाविषयी फारसे काही सांगू शकत नाही, हे या घटनेने दाखवून दिले.

सावित्रीवरील पर्यायी पूल अवघ्या १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ रोजी वाहतुकीस खुला झाला. एवढ्या वेगाने काम होऊ शकते, ही समाधानाची बाब खरीच. पण हा वेग येण्यासाठी आधी दुर्घटना घडावी लागली.

वारसा आणि सुरक्षा

कोल्हापुरातील पंचगंगेवरचा शिवाजी पूल एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्याच्या शेजारी पर्यायी पुलाचे काम सुरू झाले आणि बरेचसे होऊनही थांबले. जवळच्या ब्रह्मपुरी टेकडीला पुरातत्त्वीय संरक्षण आहे आणि संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामास कायद्याने मनाई आहे. काम रखडलेले असतानाच २६ जानेवारी २०१८ च्या रात्री जुन्या पुलाचा कठडा तोडून एक मिनीबस नदीत कोसळली आणि १३ जणांचा मृत्यू झाला. पुलाचा सांगाडा येथे ढासळला नव्हता. अरुंद रस्ता आणि जुने कठडे आजच्या वाहतुकीला अपुरे होते. पुढे नवा पूल पूर्ण होऊन वाहतुकीस खुला झाला.

जुना पूल जपण्याला विरोध असण्याचे कारण नाही. त्याच्यावरून अवजड वाहतूक चालू ठेवणे म्हणजे तो जपणे नव्हे, एवढाच मुद्दा आहे. शेजारी नवा पूल बांधून जुना पादचाऱ्यांसाठी राखता येतो. मात्र त्यासाठीही नियमित दुरुस्ती आणि गर्दीवर नियंत्रण लागतेच. १५ जून २०२५ रोजी मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळून चौघांचा मृत्यू झाला. तेथे धोक्याची सूचना देणारा फलक होता. नुसत्या फलकाने गर्दी थांबत नाही, हे तेथे स्पष्ट झाले.

वय नव्हे, अवस्था

गुजरातमध्ये मही नदीवरील गंभीरा पूल ९ जुलै २०२५ रोजी कोसळला आणि २० हून अधिक जण दगावले. तो १९८५ मध्ये वाहतुकीला खुला झाला होता. म्हणजे अवघा चाळीस वर्षांचा होता. याउलट शंभरी ओलांडलेले कितीतरी दगडी पूल आजही उभे आहेत. ‘ब्रिटिशकालीन’ असा शिक्का मारून भागत नाही. प्रत्येक पुलाची स्वतंत्र तपासणी हवी.

सावित्री दुर्घटनेनंतर, ऑक्टोबर २०१६ मध्ये, केंद्र सरकारने ‘इंडियन ब्रिज मॅनेजमेंट सिस्टिम’ सुरू केली. राष्ट्रीय महामार्गांवरील प्रत्येक पुलाला क्रमांक देऊन त्याच्या अवस्थेनुसार गुणांकन करण्याची ही पद्धत आहे. तांत्रिक वर्गीकरणात ६ मीटरपर्यंतची मोरी, ६ ते ६० मीटरपर्यंतचा लहान पूल आणि त्याहून लांब तो मोठा पूल. वाशीमसारख्या जिल्ह्यात बहुतांश पूल पहिल्या दोन गटांत मोडतात आणि त्यांतील अनेक राष्ट्रीय महामार्गांवर नाहीत. राज्यमार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग सर्वसाधारणपणे जिल्हा परिषदेकडे असतात. त्यामुळे धोक्याची तक्रार करण्यापूर्वी रस्ता कोणाच्या अखत्यारीत आहे, हे जाणून घेणे उपयोगाचे ठरते.

वेळेवर नूतनीकरण न झाल्यास काय होते, याचे उदाहरण जिल्ह्यातच आहे. मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळला जाणारी ‘शकुंतला’ ही नॅरोगेज गाडी वऱ्हाडातील कापसासाठी ब्रिटिश कंपनीने सुरू केली होती. मार्ग जीर्ण होत गेला आणि पर्याय उभा राहण्याआधीच गाडी बंद पडली. त्या मार्गावरच्या गावांना स्वस्त प्रवासाचे साधन गमवावे लागले. पुलाचेही तसेच आहे. तो केवळ बंद केला, तर शाळकरी मुले, रुग्ण आणि शेतमाल यांना दूरचा वळसा पडतो आणि नाइलाजाने लोक त्याच धोकादायक पुलावरून जाऊ लागतात.

म्हणूनच पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर अशी दोन वेळा तपासणी, पुरानंतर पायाची खोली मोजणे, मोऱ्यांतील गाळ-कचरा काढणे आणि पूल बंद करण्याआधी पर्यायी रस्ता तयार ठेवणे, ही कामे क्रमाने व्हायला हवीत. कठड्याला पडलेली नवी भेग, रस्ता आणि पूल यांच्या सांध्यावर खचलेला भाग, झुकलेला खांब किंवा उघडा पडलेला पाया दिसल्यास नागरिकांनी छायाचित्रासह लेखी तक्रार करून तिची पोच घ्यावी. पुलावरून पाणी वाहत असताना मात्र वाहन घालू नये. पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की नाही, हे पाणी ओसरल्याशिवाय कळत नाही.