समर्थांना चित्रं हवीत

अचाट शक्तीचे नायक आणि भुताखेतांच्या चित्रकादंबऱ्या ही परकी हौस आहे, मराठीत ती रुजणार नाही, असं म्हणणाऱ्यांनी पुण्याचा इतिहास तपासावा. शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पैठण शैलीतली चित्रकथीची चित्रं जपलेली आहेत. चित्रकथी एकेक चित्र लोकांसमोर धरून रामायण-महाभारतातले प्रसंग गाऊन सांगत. चित्र आणि कथन एकमेकांवाचून अपुरं, हे चित्रकादंबरीचं मर्म तिथे आधीच होतं. १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुण्यात चित्रशाळा काढली आणि देवांची, वीरांची छापील चित्रं घरोघरी गेली. पण चित्र भिंतीवर लागलं आणि गोष्ट पुस्तकात राहिली. माझ्या मते सगळं अडलं ते या फारकतीपाशी.

पुण्याच्या भयकथाकार नारायण धारपांनी (१९२५–२००८) अघोरी शक्तींशी झुंजणारे समर्थ हे नायक निर्माण केले, तेही गद्यातच. चित्रांचे नायक बाहेरून आले: मुंबईहून १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्स, मद्रासहून ‘चांदोबा’तले विक्रम-वेताळ. ज्या शहरात टेकडीवर वेताळाचं देऊळ आहे आणि गुरुवार पेठ पूर्वी वेताळ पेठ म्हणून ओळखली जाई, तिथे अशा गोष्टींना वाचक नव्हता असं कसं म्हणावं? पानोपानी रंगीत चित्रं छापण्याचा खर्च मराठीतल्या मोजक्या खपाला पेलवणारा नव्हता, हे कारण मला अधिक पटतं.

धारपांचंच पुष्कळसं उसनं होतं, असा आक्षेप येतो. त्यांच्या ‘लुचाई’ कादंबरीमागे स्टीफन किंगची ‘सालेम्स लॉट’ आहे, हे खरंच. पण अमेरिकी कॉमिक्सनेही १९६२ साली थॉर हा नायक उत्तर युरोपच्या पुराणांतून उचलला. उसनवारीने तो परका ठरला नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: भय न दिसण्यात असतं, रेखाटलं की ते मरतं. धारपांची भीती खरोखरच सावकाश, वाक्यावाक्याने चढत जाते. तरीही दोन चौकटींमधली मोकळी जागा जाणता चित्रकार नेमकी याच कामाला लावतो. तिथे काय घडलं ते वाचकाचं मन भरून काढतं. धारपांच्या कथेतून प्रेरणा घेतलेल्या ‘तुंबाड’ने २०१८ साली हे भय पडद्यावर दाखवलं, पण हिंदीत. मृत्यूची देवी मुंबईत उतरते ती राम व्ही यांची चित्रकादंबरी ‘द मेनी डेथ्स ऑफ लैला स्टार’ २०२१ साली आली, ती इंग्रजीत. पुण्यातल्या प्रकाशकांनी आणि चित्रकारांनी समर्थांची निदान एक कथा मराठीत, चित्रांसह काढावी.