कांपो दे फ्योरी : पुतळा आणि भाजीबाजार

रोममधील ‘कांपो दे फ्योरी’ या नावाचा अर्थ फुलांचे कुरण. पंधराव्या शतकात त्या कुरणाचा फरसबंद चौक झाला. भोवतीच्या गल्ल्यांना धंद्यांवरून नावे पडली : कापेल्लारी म्हणजे टोप्या करणारे, बाउल्लारी म्हणजे पेट्या करणारे. याच चौकात १७ फेब्रुवारी १६०० रोजी तत्त्वज्ञ जोर्दानो ब्रूनोला पाखंडी ठरवून जिवंत जाळण्यात आले.

भाजीबाजार मात्र येथे आला १८६९ साली, पिआत्सा नावोना या चौकातून. तेव्हा रोमवर पोपचे राज्य होते. पुढच्याच वर्षी ते संपले आणि १८८९ साली भर बाजारात ब्रूनोचा पुतळा उभा राहिला. पोप तेरावे लिओ यांनी कडाडून निषेध केला. तरी पुतळा हलला नाही. त्याच्या बाजूने भांडणारे लोक होते.

बाजारासाठी कोण भांडणार? १९४३ साली या चौकाच्याच नावाने निघालेल्या चित्रपटात नायक मासळीविक्रेता आहे, तर आन्ना मान्यानी भाजीवाली. आज तेथे ताज्या भाजीची जागा पर्यटकांसाठीची मसाल्याची पाकिटे आणि रंगीत पास्ता घेत आहेत. दुपारी बाजार उठतो, ब्रूनो तेवढा उरतो. पुतळा एकदा उभारला की पुरते. बाजार रोज सकाळी नव्याने मांडावा लागतो आणि त्यासाठी शेजारपाजारची माणसे पिशवी घेऊन यावी लागतात. ती येईनाशी झाली, तर गल्ल्यांप्रमाणे बाजाराचेही नावच उरेल.